श्वेबिश हाल: मिठाच्या गावात बिऱ्हाड मांडताना

महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून कराड-इस्लामपूरपासून तासगाव-मिरजेपर्यंत जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी स्टुटगार्टचं नाव असतं. पण नर्सिंगची किंवा कारखान्यातली जागा बऱ्याचदा निघते ती स्टुटगार्टच्या आसपासच्या छोट्या गावात. श्वेबिश हाल हे त्यातलं एक. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे कराडपेक्षाही लहान. गावात डायकोनी, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चच्या सेवाकार्याच्या, परंपरेचं मोठं रुग्णालय आहे, पॅकिंगची यंत्रं बनवणारे कारखाने आहेत आणि जर्मन शिकवणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटचं केंद्रही आहे.

मोठ्या शहरात चुका गर्दीत खपून जातात, इथे दिसतात. पण मदतही इथेच लवकर मिळते, फक्त कामं योग्य क्रमाने व्हायला हवीत. खालचा क्रम तसाच लावला आहे.

निघण्यापूर्वी

आधी नाव तपासा. आपल्याकडे पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव वेगळ्या. जर्मन कार्यालय पहिल्या रकान्यातलं सगळं तुमचंच नाव धरतं. तेच तसंच्या तसं बँकेत, विम्यात आणि करारात लिहायचं. एका कागदावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं की खातं उघडायलाच आठवडे जातात. जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग जुळत नसेल, तर ते नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत इथेच दुरुस्त करून घ्या. तिकडून ते करणं फार जिकिरीचं होतं.

सामानाचं म्हणाल, तर युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. घरचं तूप गेलं. साताऱ्याचे कंदी पेढे मिठाईत मोडतात की दुग्धपदार्थात, यावर फ्रँकफर्टच्या कस्टममध्ये हुज्जत घालण्यापेक्षा ते स्टँडवरच खाऊन टाकलेले बरे. ताजा कढीपत्ता, आंबे, रोपं आणि पेरायचं बी यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून तेही घरीच. हळदपूड, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, तासगावचे बेदाणे यांना अडचण नाही. मसाला कंपनीच्या सीलबंद पाकिटात असला की तपासणीत प्रश्न कमी येतात. तवा न्यायचा असेल तर सपाट बुडाचा न्या. तिथल्या काचेच्या शेगडीवर खोलगट तवा नुसता मध्यभागी तापतो, आणि शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा तवा मुळीच चालत नाही.

उतरायचं कुठे

गावाला दोन स्टेशनं आहेत आणि नवखा माणूस पहिल्याच दिवशी इथे फसतो. स्टुटगार्ट-न्युर्नबर्ग मार्गावरच्या गाड्या हेसेन्टालला थांबतात. हे स्टेशन वर पठारावर आहे, जुन्या गावापासून तीनेक किलोमीटर. नुसतं ‘श्वेबिश हाल’ नावाचं स्टेशन खाली कोखर नदीच्या खोऱ्यात, हाइलब्रॉनकडे जाणाऱ्या फाट्यावर आहे. तिकीट काढताना घर कोणत्या बाजूला ते पाहून स्टेशन निवडा. हेसेन्टालहून गावात बस जाते. रात्री उशिरा आणि रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचेल अशी गाडी धरा.

महिनाभराचं डॉइचलँड-टिकेट लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना, बस-ट्रामना देशभर चालतं, पण वेगवान आयसीईला चालत नाही. ते वर्गणीसारखं दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं. 11 तारखेला आठवण झाली की पुढच्या महिन्याचेही पैसे गेले.

पहिले दोन आठवडे: कागद

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नागरी सुविधा कार्यालयात, नोंदणी करायची असते. तिला आन्मेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा आणि घरमालकाने सही केलेला ‘हा माणूस अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतो’ असा दाखला एवढं लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही. किल्ली घेतानाच दाखल्यावर सही मागून घ्या, कारण घरमालक सुट्टीवर गेला की तीन आठवडे सापडत नाही.

अर्जात धर्माचा रकाना असतो. चर्चचे सदस्य असणाऱ्यांकडून त्या आधारे चर्च-कर कापला जातो, या राज्यात तो आयकराच्या 8 टक्के आहे. तुम्ही सदस्य नसाल तर तशीच नोंद करा. अंदाजाने काही भरू नका, नंतर निस्तरायला नोंदणी कार्यालयाची पायरी चढावी लागते.

नोंदणीनंतर अकरा आकडी कर-क्रमांक काही आठवड्यांत पोस्टाने येतो. फोनवर नाही, ईमेलवर नाही. आणि इथेच सर्वांत जास्त गाडी अडते, कारण पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. ‘शिंदे यांच्याकडे’ असं सांगून भागत नाही आणि तिथे फ्लॅट नंबरही नसतात, आडनाव हाच पत्ता. म्हणून राहायला गेल्या दिवशीच पेटीवर आणि बेलवर नाव चिकटवा, एका घरात तिघं असाल तर तिघांचं. कर-क्रमांक वेळेत नाही पोचला तर पगारातून सर्वांत चढ्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. तो पुढे परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात हात आखडतो.

आणखी एक पत्र येईल, रेडिओ-टीव्ही वर्गणीचं. दर घरामागे महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नाही म्हणून सुटका नाही. मात्र वर्गणी घराला आहे, माणसाला नाही. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. पत्र केराच्या टोपलीत टाकलं तर थकबाकी दंडासकट येते.

गाडी चालवण्याचं: भारतीय परवाना तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन जर्मन परवाना काढावा लागतो, आणि तो स्वस्तात होत नाही.

घर

भाड्याचे दोन आकडे असतात. थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं, गरम भाडं म्हणजे त्यात पाणी, कचरा, बहुधा हीटिंग धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वेगळं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत भरायचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. थंड भाड्यावर दर महिन्याला जे जादा पैसे भरता ती आगाऊ रक्कम असते. वर्षाने हिशेब येतो, आणि खिडकी उघडी ठेवून हीटर चालवला असेल तर शे-दोनशे युरो भरायची वेळ येते.

आता बुरशी. भारतीय भाडेकरू आणि घरमालक यांच्यातल्या भांडणाचं हे मोठं कारण आहे आणि त्यात दोघांचंही थोडं बरोबर असतं. भात, कुकरच्या शिट्ट्या, आंघोळीची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे, ही सगळी ओल हिवाळ्यात थंड बाहेरच्या भिंतीवर बसते आणि काळी बुरशी धरते. आपल्याकडे घर हवेशीर असतंच, तिथे ते आपण हवेशीर करावं लागतं. दिवसातून तीन-चार वेळा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, बाहेर कितीही गारठा असला तरी. मग बंद करून हीटर पुन्हा लावायचा. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं ही हमखास चूक आहे. त्याने हवा फारशी बदलत नाही, पण खिडकीभोवतीची भिंत थंड पडते आणि बुरशी तिथेच येते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, काटा 60 टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. हीटरच्या फिरवायच्या बटणावर 3 हा आकडा म्हणजे खोलीत साधारण 20 अंश.

झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर धुराचा गजर कायद्याने सक्तीचा आहे. लाल मिरचीची फोडणी त्याला आगच वाटते. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, वरचा पंखा चालू. गजराची बॅटरी काढून ठेवू नका. घराची पाहणी होते तेव्हा ते पहिलं दिसतं.

सांगलीकर घर बघताना पहिल्यांदा नदीची पातळी विचारतो, ते इथेही विचारावं. पण कृष्णेचा पूर जसा आयर्विन पुलावर फूट-फूट चढताना दिसतो, तशी सवड इथे मिळेलच असं नाही. 29 मे 2016 ला श्वेबिश हालच्या उत्तरेकडच्या ब्राउन्सबाख गावात ढगफुटीसारख्या पावसाने एका लहानशा ओढ्याने दगडगोट्यांसकट गावाचा मुख्य रस्ताच वाहून नेला. म्हणून तळघरातली किंवा ओढ्याकाठची तळमजल्याची खोली घेताना आधी पाणी शिरलं होतं का ते विचारा, आणि घरसामानाच्या विम्यात पुराचं कलम वेगळं जोडून घ्या. साध्या विम्यात ते धरलेलं नसतं.

कचरा, झाडू आणि रविवार

जिल्हा कार्यालयाकडून कचऱ्याचं वर्षाचं कॅलेंडर मिळतं. ते फ्रिजवर लावा. कोणत्या दिवशी कोणता डबा, ते त्यात गल्लीनुसार दिलेलं असतं आणि डबा आदल्या संध्याकाळीच बाहेर ठेवायचा असतो. ढोबळ विभागणी अशी: ओला कचरा, कागद, वेष्टणं आणि उरलेलं. ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी नको. विघटनशील म्हणून विकतात तीसुद्धा बऱ्याच ठिकाणी चालत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळा. दुकानाची पावती कागदात टाकू नका, तो रसायन लावलेला कागद असतो, उरलेल्यात जातो. तेलकट पिझ्झाचं खोकंही उरलेल्यात. वेष्टणांच्या डब्यात फक्त वेष्टणं, फुटकी प्लास्टिकची बादली नाही. तळणीचं तेल मोरीत ओतलं की पाइप तुंबतो आणि प्लंबरचं बिल तुमच्या नावावर येतं. गार करून झाकणाच्या बरणीत भरा आणि उरलेल्यात टाका.

काचेच्या बाटल्या चौकातल्या टाक्यांत रंगाप्रमाणे टाकायच्या: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी काच हिरव्यात. फुटलेला कप किंवा खिडकीची काच त्यात नाही. आणि रविवारी किंवा रात्री नाही, आवाज होतो. अनामतीच्या बाटल्या मात्र दुकानातल्या यंत्रात. एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि कॅनला 25 सेंट मिळतात, पुन्हा भरायच्या बाटल्यांना बहुधा 8 किंवा 15.

रविवारी दुकानं बंद असतात. दूध, भाजी, पीठ शनिवारीच आणा. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, रविवारी दिवसभर. ड्रिल, व्हॅक्यूम, गाडी धुणं यांतलं काही नाही. औषध लागलंच तर पाळीवर उघडं असलेलं दुकान कोणतं, ते कुठल्याही औषधाच्या दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. तातडी नसलेल्या दुखण्याला रात्री-रविवारी 116117 वर फोन करायचा. जिवावरचं असेल किंवा आग असेल तर 112, पोलीस 110.

वुर्टेंबर्ग भागातल्या अनेक इमारतींत झाडलोटीची पाळी असते. तिला केअरवोखे म्हणतात. तुमच्या दाराला पाटी अडकवलेली दिसली की तो आठवडा तुमचा. लहान पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी म्हणजे तळघराची वाट, अंगण, फुटपाथ. झाडून झाल्यावर पाटी पुढच्या दारावर न्यायची. जिना स्वच्छच दिसतोय म्हणून पाळी चुकवणं हा शेजार बिघडवायचा सर्वांत सोपा मार्ग आहे. भाडेकरारात बर्फ हटवायची जबाबदारी लिहिली असेल तर ती हलक्यात घेऊ नका. सकाळी लवकर फुटपाथवर वाट काढून खडी टाकावी लागते, आणि कोणी घसरून पडलं तर भरपाई तुमच्यावर येऊ शकते.

गाव वाचायचं कसं

सगळ्या धावपळीतून एक शनिवार सकाळ काढा आणि हे गाव चालून बघा. सहकाऱ्यांशी बोलायला विषय मिळतो, आणि इथल्या माणसांना आपल्या गावाचा इतिहास विचारलेला मनापासून आवडतो.

सुरुवात मार्क्टप्लात्सपासून, म्हणजे बाजारचौकापासून, करा. सेंट मिखाएल चर्चसमोरचा रुंद दगडी जिना 1507 चा, पन्नासहून अधिक पायऱ्यांचा. 1925 पासून उन्हाळ्यात याच पायऱ्यांवर नाटकं होतात. नट पायऱ्यांवर, प्रेक्षक खाली चौकात. पायऱ्यांवर उभं राहून समोर बघितलं की नगरभवन दिसतं, बरोक शैलीचं. चर्च मध्ययुगीन आणि समोरची इमारत अठराव्या शतकातली असं का? कारण 1728 ची आग. तिने गावाचा मोठा भाग जाळला आणि जळालेला भाग त्या काळच्या शैलीत पुन्हा बांधला गेला. पुढे फिरताना लाकडी सांगाड्याची तिरकी-आडवी तुळवटं भिंतीत दिसणारी जुनी घरं आणि सपाट गिलाव्याची नंतरची घरं यावर लक्ष ठेवलंत, तर आग कुठवर पोचली याचा अंदाज येतो.

तिथून उतारावर खाली हालप्लात्सला या. गाव उभं राहिलं ते इथल्या खाऱ्या पाण्याच्या झऱ्यावर. 1939 मध्ये गावात खोदकाम करताना केल्टिक काळातला मीठ तयार करण्याचा कारखाना सापडला, म्हणजे हा उद्योग इसवी सनाच्या आधीचा. खारं पाणी कढईत उकळून मीठ काढायचं, त्यासाठी लागणारं लाकूड वरच्या जंगलांतून कोखर नदीत सोडून इथे अडवायचं. उकळण्याचा हक्क वंशपरंपरेने चाले, आपल्याकडच्या वतनासारखा, आणि त्याचे वाटे पिढ्यानपिढ्या पडत गेले. 1802 मध्ये स्वतंत्र साम्राज्य-नगराचा, म्हणजे थेट सम्राटाच्या अखत्यारीतल्या स्वायत्त नगराचा, दर्जा जाऊन गाव वुर्टेंबर्गकडे गेलं, मिठागर सरकारी झालं आणि हक्कदारांना त्याबदल्यात वार्षिक रक्कम ठरली. मीठ काढणं 1924 मध्ये थांबलं. नगराच्या चिन्हात क्रूस आणि हात दिसतात, ते इथे पाडल्या जाणाऱ्या हेलर नावाच्या नाण्यावरचे आहेत. हे हलकं नाणं जर्मनभाषक मुलखात दूरवर चाललं.

हालप्लात्सजवळून छत असलेल्या झुल्फरश्टेग या लाकडी पुलाने नदीतल्या उंटरव्योर्ड बेटावर जा. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत मीठवाल्यांचा सण इथे आणि गावभर साजरा होतो. जुन्या वेषात मीठवाल्यांची पथकं नाचतात. गिरणीला लागलेली आग मीठवाल्यांनी विझवली म्हणून त्यांना केक मिळाला, अशी त्यामागची कथा सांगतात. त्या शनिवार-रविवारी गावात गाडी घेऊन जाऊ नका आणि पाहुण्यांची खोली महिनोन्‌महिने आधी ठरवा. पलीकडच्या काठावर कुन्स्टहाल्ले व्युर्थ हे कलादालन आहे, प्रवेश विनामूल्य. पावसाच्या दिवशी याच्याइतकी चांगली जागा गावात नाही. परत अलीकडे येऊन हेलिश-फ्रेंकिश संग्रहालयात शिरा. तिथे उंटरलिम्पुर्गच्या यहुदी प्रार्थनागृहाची अठराव्या शतकातले रंगवलेले लाकडी तक्ते आहेत. घाई असली तरी एवढं पाहाच.

हेसेन्टाल स्टेशनजवळ एक स्मारक आहे. 1944-45 मध्ये तिथे नात्सींची छळछावणी होती आणि एप्रिल 1945 मध्ये कैद्यांना तिथून पायी हाकलत नेण्यात आलं. ते वाचून पुढे जा. या विषयावर गमतीने बोलू नये, आणि हिटलरबद्दल आपल्याकडे सहज होणारी शेरेबाजी तिथे अजिबात नको. नोकरी जाण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

एक खबरदारी: गावाच्या नावात ‘श्वेबिश’, म्हणजे श्वाबेन प्रदेशाचं, असलं तरी इथली बोली शेजारच्या फ्रँकन प्रदेशाच्या वळणाची आहे. 1802 नंतर सुमारे एकशे तीस वर्षं गाव नुसतं ‘हाल’ होतं, सध्याचं नाव अधिकृतपणे 1934 चं. इथल्या माणसाला श्वाबी म्हटलं तर काहींना ते खटकतं.

माणसांत मिसळायला मंडळ

आपल्याकडे गणेश मंडळ, तिकडे फेराइन. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि खेळ, गाणं, बुद्धिबळ, इतिहास, प्रत्येकाचं एक असतं. क्रिकेटचं नसेलच असं समजू नका, विचारा. छोट्या गावांची अग्निशमन सेवाही बहुतांशी स्वयंसेवकांवर चालते आणि परदेशी माणसालाही तिथे जागा असते. जर्मन सुधारायला वर्गापेक्षा ती तालीम बरी. पहिल्या तीन भेटींत वर्गणी न भरता येऊ देतात का, ते विचारून घ्या. सभासद झालात की वर्गणी वर्षाची असते आणि बाहेर पडायला लेखी कळवावं लागतं.

शेतीचा हात असलेल्यांनी बागवाफ्याची, म्हणजे क्लाइनगार्टनची, चौकशी करावी. वाफा जास्तीत जास्त 400 चौरस मीटरचा, आणि साधारण तृतीयांश भागात भाजी-फळं लावणं बंधनकारक. प्रतीक्षायादी असते, म्हणून आल्याबरोबर नाव नोंदवा. मेथी, कोथिंबीर, मुळा उन्हाळ्यात छान येतात. बी तिथल्याच दुकानातून घ्या. मे महिन्याच्या मध्यापर्यंत गोठलेलं दहिवर पडू शकतं, तेव्हा मिरची आणि टोमॅटोची रोपं त्याआधी बाहेर लावू नका.

घरी फोन करताना: उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. तिकडे संध्याकाळी सहाला सुटी झाली, की हिवाळ्यात साताऱ्यात साडेदहा वाजलेले असतात. आई-वडिलांशी बोलायचं तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बोला.

घर सोडायचं ठरलं की तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, कागदावर आणि हाताच्या सहीने. ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालत नाही. ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पोचली तरच तो महिना मोजला जातो, म्हणून पोच देणाऱ्या पोस्टाने पाठवा किंवा साक्षीदारासमोर पेटीत टाका. जर्मनीतच दुसऱ्या गावी जात असाल तर जुन्या गावात काही करावं लागत नाही, नव्या गावातली नोंदणी पुरते. देश सोडत असाल तर मात्र आब्मेल्डुंग करून तिची पावती जपून ठेवा. रेडिओ-टीव्हीची वर्गणी आणि विमा बंद करायला तीच मागतात.